अंत नाही, की अंत दिसत नाही?

प्रश्न : विश्व अनंत आहे असं आम्ही शाळेत शिकलो. पण विश्व प्रसरण पावतंय असंही वाचतो. जे मुळातच अनंत आहे ते आणखी मोठं कसं होणार? आणि अनंत नसेल, तर ते जिथे संपतं तिथे काय आहे? भिंत?

उत्तर : भिंत नाही, एवढं आधीच सांगून टाकतो. बाकीचं सावकाश पाहू, कारण ‘विश्व अनंत आहे’ हे शाळेत ज्या ठामपणे सांगतात, तेवढा ठामपणा आज कुठल्याही खगोलशास्त्रज्ञाकडे नाही.

भिंतीची शंका फार जुनी आहे. प्लेटोचा मित्र आर्किटस याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ती अशी मांडली : समजा, मी विश्वाच्या अगदी कडेला जाऊन उभा राहिलो आणि हातातली काठी पुढे केली. काठी पुढे गेली, तर तिथे जागा आहे. म्हणजे ती कड नव्हेच. काठी अडली, तर तिला अडवणारं काहीतरी पलीकडे आहे. म्हणजे तरीही ती कड नव्हे. तेव्हा विश्व अनंत! युक्तिवाद इतका बिनतोड वाटतो की दोन हजार वर्षं भले भले त्यावर माना डोलावत राहिले. त्यातली मेख १८५४ साली बर्नहार्ड रीमान या जर्मन गणितज्ञाने ग्योटिंगेनच्या व्याख्यानात उघडी केली. काठी कुठेच अडत नाही, यावरून फक्त कड नाही एवढंच ठरतं. कड नसणं वेगळं आणि अनंत असणं वेगळं.

पृथ्वीचा पृष्ठभागच घ्या. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे व्यवस्थित मोजून झालेलं. पण त्याला काठ दाखवा पाहू! नाकासमोर चालत राहा, ‘पृथ्वीची हद्द समाप्त’ अशी पाटी कुठेही लागणार नाही. साधारण ४० हजार किलोमीटर गेलात की निघालात तिथेच परत याल. आइन्स्टाइनने १९१७ साली नेमका हाच विचार तीन मितींत केला. त्याचं विश्व सान्त होतं, मोजता येण्याजोगं होतं, आणि तरीही त्याला कड नव्हती. हे त्रिमितीय वळण डोळ्यांसमोर आणण्याच्या फंदात पडू नका. मला ते जमत नाही, आणि आपल्याला जमतं असं म्हणणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. गणितात ते चोख बसतं, तेवढं पुरे.

बरं, सान्त असायला विश्व वळलेलंच असावं लागतं असंही नाही. जुन्या नोकिया फोनवरचा सापाचा खेळ आठवतो? त्यातल्या बिनभिंतींच्या प्रकारात साप पडद्याच्या उजवीकडून बाहेर गेला की डावीकडून आत यायचा, वरून गेला की खालून. पडदा सपाटच, बोटभर लांबीचा, पण सापाच्या दृष्टीने त्याला कुठेच शेवट नाही. आपलं विश्वही असं असू शकतं. तसं ते असेल, तर एका दिशेला फार दूरवर दिसणारी एखादी दीर्घिका म्हणजे आपलीच आकाशगंगा असेल, तिच्या पाठीकडून आणि तिच्या तरुणपणी पाहिलेली.

या सगळ्या केवळ शक्यता. पण त्यांतल्या काही मोजून तपासता येतात, आणि मला या विषयातला सर्वांत रंजक भाग हाच वाटतो. अवकाश वळलेलं आहे का, हे बाहेर जाऊन पाहायची गरज नसते. एक पुरेसा मोठा त्रिकोण काढा आणि त्याचे कोन मोजा. बेरीज १८० अंश भरली तर अवकाश सपाट. जास्त भरली तर चेंडूसारखं आत वळलेलं, म्हणजे सान्त. कमी भरली तर घोड्याच्या खोगिरासारखं उलट वळलेलं. अडचण एकच. त्रिकोण विश्वाएवढा हवा.

असा त्रिकोण निसर्गानेच काढून ठेवला आहे. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना ते प्रथमच पारदर्शक झालं आणि प्रकाश मोकळा सुटला. तो प्रकाश आज सूक्ष्मतरंगांच्या रूपात सगळ्या आकाशातून आपल्याकडे येतो. त्याचं तापमान उणे २७० अंश सेल्सिअस. अँटेनाच्या जुन्या टीव्हीवर कार्यक्रम बंद झाल्यावर ज्या मुंग्या दिसायच्या, त्यांतल्या थोड्याशा याच प्रकाशाच्या. या प्रारणात किंचित उष्ण आणि किंचित थंड असे ठिपके आहेत. ठिपके मुळात केवढे असायला हवेत हे भौतिकशास्त्रातून काढता येतं, कारण त्या तप्त द्रव्यात ध्वनीच्या लहरी तोपर्यंत किती अंतर गेल्या असतील ते माहीत आहे. ते आपल्यापासून किती दूर आहेत हेही माहीत आहे. म्हणजे त्रिकोणाचा पाया कळला, बाजू कळल्या. राहिला फक्त आपल्या डोळ्यापाशी होणारा कोन. अवकाश सपाट असेल तर ठिपका सुमारे एक अंशाचा दिसायला हवा, पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट रुंदीचा. चेंडूसारखं वळलेलं असेल तर मोठा दिसेल, खोगिरासारखं असेल तर लहान.

हा कोन आधी इतर काही दुर्बिणींनीही चाचपला होता, पण नीट मापून दिला तो एका फुग्याने. डिसेंबर १९९८च्या अखेरीस ‘बूमरँग’ नावाची दुर्बीण एका अजस्र फुग्याला टांगून अंटार्क्टिकावरच्या मॅकमर्डो तळावरून सोडली. सदतीस-अडतीस किलोमीटर उंचीवर, जिथे हवा जवळपास संपलेली असते, तिथल्या गोल फिरणाऱ्या वाऱ्यांनी तिला दक्षिण ध्रुवाभोवती एक प्रदक्षिणा घालून सुमारे साडेदहा दिवसांनी तळाच्या जवळच परत आणून सोडलं. नाव सार्थ झालं. एप्रिल २००० मध्ये निष्कर्ष छापून आले : ठिपके एक अंशाचे. अवकाश सपाट. पुढे युरोपच्या ‘प्लांक’ उपग्रहाने तेच मोजमाप कितीतरी अधिक काटेकोरपणे केलं. अवकाशात वळण असलंच, तर ते अर्ध्या टक्क्याच्या आतलं आहे.

सपाट, म्हणजे अनंत? वर्तमानपत्रांत तसे मथळे आले होते, पण थांबा. सापाचा पडदाही सपाटच होता. शिवाय ‘अर्ध्या टक्क्याच्या आत’ याचा अर्थ शून्य असा होत नाही. चेंडूसारखं अगदी थोडं वळण शिल्लक असेल तर विश्व सान्तच निघेल, फक्त आपल्याला दिसणाऱ्या भागाच्या निदान शेकडो पट मोठं. अ‍ॅलन गुथ यांनी १९८१ साली मांडलेल्या इन्फ्लेशनच्या कल्पनेनुसार विश्व अगदी सुरुवातीच्या क्षणांत इतकं प्रचंड ताणलं गेलं की मूळचं वळण कसंही असलं तरी आज ते जाणवणारच नाही.

इथे एक विचित्र तेढ आहे, आणि तुमच्या प्रश्नाचा गाभा मला तिथेच दिसतो. विश्व सान्त असेल तर ते उद्या सिद्ध होऊ शकतं : चेंडूसारखं थोडंसं वळण निर्विवाद सापडलं, किंवा आकाशात दोन विरुद्ध दिशांना तेच दृश्य दोनदा दिसलं, की झालं. पण विश्व अनंत असेल तर ते कधीच सिद्ध होणार नाही. कारण प्रत्येक मापाला चूक चिकटलेली असते आणि प्रत्येक दुर्बिणीला मर्यादा. ‘अनंत’ हा आकडा कुठल्याही उपकरणाच्या तबकडीवर उमटत नाही. सान्त विश्वाच्या खुणा शोधून झाल्या आहेत. जाँ-पिएर ल्युमिने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली बारा पंचकोनी पैलूंच्या विश्वाची कल्पना मांडली; तसं असतं तर त्या प्रारणाच्या नकाशात एकसारख्या वर्तुळांच्या जोड्या दिसायला हव्या होत्या. पुढच्याच वर्षी कॉर्निश, स्पर्गेल आणि स्टार्कमन यांच्या गटाने त्या हुडकल्या. एकही जोडी मिळाली नाही. म्हणजे विश्व सापाच्या पडद्यासारखं असलंच, तर तो पडदा आपल्या नजरेच्या टप्प्यापेक्षा मोठा आहे.

हा टप्पा केवढा? विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं, म्हणून १३८० कोटी प्रकाशवर्षं, असं चटकन वाटतं. पण प्रकाश वाटेत असताना मधलं अंतर ताणलं जात होतं. ज्या द्रव्यापासून तो सर्वांत जुना प्रकाश निघाला, ते आज सुमारे ४६०० कोटी प्रकाशवर्षांवर पोचलं आहे. त्यापलीकडे विश्व नाही, असं नाही. तिथला प्रकाश आपल्यापर्यंत अजून आलेला नाही, इतकंच.

आता अनंत गोष्ट मोठी कशी होते, ते. विश्व प्रसरण पावतं म्हणजे ते कशात तरी पसरत जात नाही. दीर्घिकांमधलं अंतर वाढतं. १, २, ३, ४ अशी न संपणारी संख्यांची ओळ घ्या आणि प्रत्येकीची दुप्पट करा : २, ४, ६, ८. शेजाऱ्या-शेजाऱ्यांतलं अंतर दुप्पट झालं, ओळ मात्र आधीही न संपणारी होती, आताही आहे. भास्कराचार्यांनी १२व्या शतकात ‘बीजगणिता’त शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटलं आणि तिच्यात काही मिळवलं किंवा काढलं तरी ती बदलत नाही, असं सांगितलं. दाखला दिला तो विष्णूचा, ज्याच्यात सृष्टी लय पावली काय आणि त्याच्यातून निघाली काय, त्याला फरक पडत नाही. शून्याने भागणं आजचे गणिताचे मास्तर चालवून घेणार नाहीत. पण भर घालून अनंत वाढत नाही, ही जाण पक्की होती. याच न्यायाने, विश्व आज अनंत असेल तर महास्फोटाच्या वेळीही ते अनंतच होतं. ‘सगळं विश्व एका बिंदूत होतं’ हे वाक्य फक्त आपल्याला दिसणाऱ्या भागाबद्दल खरं मानावं.

प्रश्न : अवकाशाचं कळलं. पण काळाला सुरुवात आणि शेवट आहे का? महास्फोटाच्या आधी काय होतं?

उत्तर : अमावास्येच्या रात्री गच्चीवर जा आणि वर पाहा. आकाश काळं दिसतं, हाच पहिला पुरावा. विश्व अवकाशातही अनंत असतं, काळातही अनादी असतं, आणि तारे असेच सर्वत्र सदाकाळ जळत असते, तर नजर कुठल्याही दिशेला गेली तरी शेवटी एखाद्या ताऱ्यावरच आदळली असती आणि रात्रीचं आकाश सूर्याच्या पृष्ठभागासारखं तळपलं असतं. केप्लरला ही अडचण १६१० साली दिसली होती, ओल्बर्सने ती १८२३ साली मांडली म्हणून तिला त्याचं नाव. उत्तराच्या सर्वांत जवळ आधी पोचला तो शास्त्रज्ञ नव्हे, गूढकथा लिहिणारा एडगर अ‍ॅलन पो. १८४८ साली त्याने सुचवलं की दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचायला पुरेसा वेळच मिळालेला नाही. म्हणजे रात्रीचा अंधार अवकाशाबद्दल थोडं आणि काळाबद्दल बरंच सांगतो : तारे अनादी नाहीत.

आपल्याकडे काळाची कल्पना अवाढव्य आणि चक्राकार. पूजेच्या संकल्पात गुरुजी श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावं युग असा काळातला पत्ता सांगतात, अगदी पिनकोडासकट म्हणावा तसा. एक कल्प ४३२ कोटी वर्षांचा. पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर या दोन आकड्यांची सांगड घालणारे निरोप फिरतात. ती सांगड सोडून द्या. कल्पाचा आकडा ४ लाख ३२ हजारांच्या पटींतून बांधलेला आहे, खडकांतून मोजलेला नाही. मात्र जग काही हजार वर्षांपूर्वीच निर्माण झालं असं युरोपात सर्रास मानलं जात असताना कोटींच्या हिशेबात विचार करण्याची सवय इथे होती, हे खरं.

विसाव्या शतकात अनादी काळाची बाजू विज्ञानात लढवली ती फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी. १९४८ सालच्या त्यांच्या स्थिर स्थिती सिद्धांतात विश्व प्रसरण पावतं, पण मोकळ्या होणाऱ्या जागेत अगदी संथपणे नवं द्रव्य निर्माण होतं. त्यामुळे ते नेहमी सारखंच दिसतं, सुरुवात नाही आणि शेवट नाही. ‘बिग बँग’ हा शब्द याच हॉइलनी १९४९ साली बीबीसीच्या रेडिओवर प्रतिपक्षासाठी वापरला आणि तो प्रतिपक्षालाच कायमचा चिकटला. १९६४ साली अमेरिकेत होमडेल इथे पेन्झियास आणि विल्सन यांच्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात एक खरखर येऊ लागली. आत कबुतरांनी घरटं केलं होतं. कबुतरं हटवली, त्यांची शिट खरवडून काढली, तरी खरखर जाईना. ती होती मघाशी सांगितलेली विश्वाच्या बालपणाची ऊब. स्थिर स्थितीला हा धक्का फार जड गेला.

हॉइलचे केंब्रिजमधले विद्यार्थी जयंत नारळीकर यांनी मात्र हार मानली नाही. १९९३ साली हॉइल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी सुधारित सिद्धांत मांडला : विश्व आंदोलनं घेत दीर्घकाळ प्रसरण पावतं, द्रव्यनिर्मिती छोट्या छोट्या स्फोटांतून होते, आणि काळाला आरंभ नाही. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांनी तो स्वीकारला नाही, आणि माझ्या मते पुराव्यांचं पारडं पाहता ते योग्यच होतं. त्या प्रारणाचा आलेख आणि विश्वातलं हेलियमचं व ड्युटेरियमचं प्रमाण महास्फोटाच्या चित्रात सहज बसतं, या सिद्धांतात ते ओढूनताणून बसवावं लागतं. पण ‘सगळे म्हणतात म्हणून’ हे कारण २०२५ साली पुण्यात निधन होईपर्यंत त्यांनी कधी पत्करलं नाही, आणि तिथल्याच ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेत येणाऱ्या मुलांनाही पत्करू दिलं नाही.

मग महास्फोट म्हणजे काळाची सुरुवात का? इथे मी जरा आखडता हात घेतो. कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ साली एक समीकरण मांडलं. त्याचा आधार घेऊन रॉजर पेनरोझ आणि स्टीफन हॉकिंग यांनी दाखवलं की सामान्य सापेक्षता मानून मागे मागे गेलात तर घनता अनंत होईल अशा एका टोकाला पोचता. पण भौतिकशास्त्रात गणित ‘अनंत’ असं उत्तर देऊ लागलं की बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘माझी हद्द संपली’ असा असतो. सापेक्षता त्या टोकाला निकामी होते, आणि तिच्या जागी जो पुंज-गुरुत्वाचा सिद्धांत हवा तो अजून कुणाकडेच नाही. २००३ साली बोर्ड, गुथ आणि विलेंकिन यांनी असंही सिद्ध केलं की जे विश्व सरासरीने सतत प्रसरण पावत आलं आहे, त्याचं प्रसरण अनंत भूतकाळापर्यंत मागे ओढता येत नाही. त्याआधी काही वेगळंच असू शकतं, इतकी फट त्यातही उरते. हॉकिंग आणि हार्टल यांच्या १९८३ सालच्या मांडणीत तर ‘आधी’ हा शब्दच गळून पडतो : दक्षिण ध्रुवाच्या दक्षिणेला काय आहे, असं विचारण्यासारखं ते होतं.

भविष्याचं चित्र त्या मानाने सोपं. विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे, हे १९९८ साली दूरच्या सुपरनोव्हांवरून कळलं. हीच स्थिती राहिली तर काळाला पुढे शेवट नाही. सूर्य सुमारे ५०० कोटी वर्षांत आटोपेल. अगदी काटकसरीने जळणारे लाल खुजे तारे १० लाख कोटी वर्षांच्या आसपास विझतील. सर्वांत मोठी कृष्णविवरं एकावर शंभर शून्यं इतक्या वर्षांत विरून जातील. त्यानंतरही काळ असेल, फक्त त्यात घडण्याजोगं काही उरणार नाही. प्रसरण वेगवान करणारी कृष्ण ऊर्जा कदाचित हळूहळू क्षीण होत असावी, असे संकेत अ‍ॅरिझोनातल्या ‘डेसी’ सर्वेक्षणाने २०२४ आणि २०२५ मध्ये दिले. ते टिकले तर हा परिच्छेद पुन्हा लिहावा लागेल.

आणि हो, ‘थांबलो तर कधीतरी सगळंच दिसेल’ या आशेवर राहू नका. सुमारे १७०० कोटी प्रकाशवर्षांपलीकडच्या दीर्घिकेतून आज निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत कधीच पोचणार नाही, कारण मधलं अंतर त्याच्यापेक्षा जोरात वाढतं आहे.

प्रश्न : विश्व अनंत असेल तर त्यात कुठेतरी हुबेहूब आपल्यासारखी पृथ्वी, आणि तिच्यावर मराठ्यांनी पानिपत जिंकलेलं, असं असेल का?

उत्तर : तर्क तुम्ही समजता तितका पोरकट नाही. ठरावीक जागेत अणूंच्या मांडण्या कितीही अफाट असल्या तरी त्यांची संख्या सान्त असते. जागा अनंत असेल आणि सगळीकडे द्रव्य असंच यदृच्छया पसरलेलं असेल, तर मांडण्या कधी ना कधी पुन्हा येणारच. सदाशिवरावभाऊ विजयी होऊन पुण्याला परतल्याची मांडणीही त्यांत असेल. पण या तर्काचे दोन्ही पाय ‘असेल तर’वर उभे आहेत, आणि ती पृथ्वी आपल्या दृष्टीच्या टप्प्याबाहेर इतकी दूर असणार की तिच्या असण्या-नसण्याने इथल्या कुठल्याही मोजमापात तिळमात्र फरक पडत नाही. ज्याने काहीच फरक पडत नाही त्याला मी विज्ञान म्हणणार नाही, कथाबीज म्हणेन. त्या बीजाचं सोनं नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत केलं आहे. तिथे वाट अनंत विश्वातून नाही, पुंजभौतिकीतून जाते. वाचली नसेल तर या सुट्टीत मिळवून वाचा.